दोन मिनिटांत घाबरवायचं म्हणजे

भयपट मी फार कमी बघते. ट्रेलर मात्र सहसा सोडत नाही. आमच्या दादाला हे अजिबात पटत नाही, कारण तो बरोबर उलटा आहे: पिक्चर पहिल्या दिवशी, ट्रेलर कधीच नाही. "दोन मिनिटांचं घाबरणं हे काय घाबरणं," असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, दोन तासांत कुणीही घाबरवेल. अंधार आहे, मोठा पडदा आहे, रांगेतून उठून जायची लाज वाटते आणि दिग्दर्शकाच्या हातात वेळच वेळ आहे. भर दुपारी, हातातल्या फोनवर, अर्धं लक्ष दुसरीकडे असलेल्या माणसाच्या काळजात धस्स करून दाखवायचं, त्याला कसब लागतं.

त्यात माझा धंदाही आड येतो. मी व्हिडिओ एडिटर आहे. भुताखेतांशी संबंध नाही. कंपन्यांचे ट्रेनिंगचे व्हिडिओ कापते. आग विझवायचं सिलिंडर कसं धरायचं, शिडीवर कसं चढायचं, वगैरे. पण सवय अशी, की एखादा ट्रेलर आवडला की नुसता बघून भागत नाही. तो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर टाकून उसवल्याशिवाय चैन पडत नाही.

आधी आवाज पूर्ण बंद करून बघते. तुम्हीही कुठलाही ट्रेलर घेऊन हे करून बघा. एक गाडी वळणावळणाच्या रस्त्याने चाललीये. एक घर. जिना. जिन्यावर एक मुलगी पाठमोरी उभी. कुणीतरी दाराच्या फटीतून बघतंय. एक बाई किंचाळतेय, पण आवाज नसल्यामुळे जांभई देतेय की काय असं वाटतं. बास, एवढंच. मग उलटं करते. फोन पालथा घालते आणि नुसतं ऐकते. आता पहिल्या अर्ध्या मिनिटातच मान आपोआप मागे वळते. चित्र काढून टाकलं की तोच ट्रेलर जास्त भीती घालतो.

टाइमलाइनवर आवाजाची जी लाट उमटते, तिच्याकडे नुसतं बघूनही भयपटाचा ट्रेलर ओळखता येतो. विनोदी पिक्चरची लाट पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच जाड असते, कारण मागचं गाणं थांबतच नाही. मारधाडीच्या पिक्चरची तर सरळ वीट. भयपटाची लाट सुरुवातीला दोऱ्याइतकी बारीक, मध्येच एखादा काटा. मग ती हळूहळू फुगत जाते, काटे जवळजवळ येऊ लागतात, दोनतृतीयांश वाट सरली की सगळं मिळून भिंत उभी राहते. आणि मग एकदम सपाट रेघ. सेकंद, दीड सेकंद, एखाद्या धीट एडिटरच्या हातात तीन सेकंदसुद्धा. त्या रेघेनंतर एकच उंच खांब. मग पिक्चरचं नाव. परत रेघ. आणि अगदी शेवटी, सगळं संपलं असं वाटत असताना, आणखी एक खांब.

त्या सपाट रेघेवर सगळा खेळ आहे. माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे. शेजारी बसून ट्रेलर बघत असला आणि आवाज तुटला, की तो शांतपणे म्हणतो, "आता." आणि तरीही दचकतो! काय होणार, कधी होणार, चौकटीच्या कुठल्या कोपऱ्यातून होणार, हे त्याला पाठ असतं. तरी खांदे उडतात ते उडतातच. एखादा संकेत शाळकरी पोरालाही इतका ठाऊक झाला असेल, तर तो एव्हाना बोथट व्हायला हवा होता. का होत नाही?

एक कारण शरीरात आहे. दचकणं ही विचार करून करायची गोष्टच नव्हे. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आखडते, हे सेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकतं. "अगं, ट्रेलर आहे हा" असं मन समजावेपर्यंत शरीर आपलं काम करून मोकळं झालेलं असतं. शिवाय आधीच धास्तावलेला जीव त्याच आवाजाला जास्त जोरात दचकतो, हे प्रयोगशाळांमध्ये फार पूर्वीच दिसलंय. उंदरांतही आणि माणसांतही. म्हणजे भाच्याचं ते "आता" त्याला वाचवत नाही. येणार, येणार म्हणून ताठ होऊन बसलेल्याला धक्का मोठाच बसणार.

युक्ती जुनी आहे. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक तरुणी रात्री एकटी रस्त्याने चालली आहे. मागून दुसऱ्या कुणाच्या तरी टाचांचा आवाज. मग तो मागचा आवाज थांबतो. ती भराभर चालू लागते, पळते, घाबरून वळून बघते आणि एखादं जनावर फिस्कारावं तसा आवाज करत चौकटीत घुसते ती एक बस. नुसती बस. ब्रेकचा आवाज! एडिटर होता मार्क रॉब्सन आणि निर्माता व्हॅल ल्यूटन. त्या निर्मात्याच्या नावावरून अशा खोट्या दचक्याला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात.

पण त्या प्रसंगात बसच्या आधी तिचं चालणं आहे. दिव्याच्या उजेडातून अंधारात, अंधारातून पुढच्या दिव्याकडे, परत अंधार. आपण तिच्याबरोबर चालतो, म्हणून बस आपल्या अंगावर येते. ट्रेलरला एवढं चालणं परवडत नाही. त्याला घराची ओळख, माणसांची ओळख, संशय, खात्री, पळापळ हे सगळं दोन-सव्वादोन मिनिटांत कोंबायचं असतं. मग तो उसनवारी करतो. आधीच्या शेकडो भयपटांनी आपल्या डोक्यात जी धास्ती साठवून ठेवलेली असते, तिच्यावर तो बिनधास्त चेक फाडतो. नव्या घरासमोर सामानाचा ट्रक थांबला: चेक. कुत्रा उंबऱ्याशी अडून बसलाय, आत यायला तयार नाही: चेक. पोरगं क्रेयॉनने चित्र काढतंय आणि चित्रात घरातल्या माणसांपेक्षा एक माणूस जास्त आहे. तीन सेकंद लागतात, आणि आपण मनातल्या मनात पुढचा पाऊण तास स्वतःच बघून टाकतो. भयपटाचे ठरावीक साचे आहेत म्हणून लोक नाकं मुरडतात. पिक्चरमध्ये मुरडा. ट्रेलरला मात्र त्यांच्याशिवाय हातपायच नाहीत.

उसनवारीचा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे लहान मुलांचं गाणं. १९७७ च्या 'सस्पिरिया'च्या ट्रेलरमध्ये एक बाई पाठमोरी बसून केस विंचरतेय आणि 'रोझेस आर रेड' या बडबडगीतासारखं काहीतरी गोड आवाजात म्हणतेय. वळते तेव्हा चेहऱ्याच्या जागी कवटी. हा प्रसंग पिक्चरमध्ये नाहीच, तो खास ट्रेलरसाठी घेतला होता. पुढच्याच वर्षी 'मॅजिक' नावाच्या पिक्चरची टीव्हीवरची जाहिरात आली. त्यात फक्त एक बोलका बाहुला, काळ्या पार्श्वभूमीवर, आपल्याकडे बघत चार ओळींची कविता म्हणतो. पालकांनी इतक्या तक्रारी केल्या की ती जाहिरात काढावी लागली. रक्ताचा थेंब नाही, हत्यार नाही, एक लाकडी तोंड उघडझाप करतंय, बस.

मग कुणाला तरी सुचलं, बडबडगीतच कशाला, कुठलंही ओळखीचं गाणं घ्या आणि त्याचा वेग उतरवा. माझ्या मते हे सगळ्यात चांगलं जमलंय ते 'अस' (Us) या पिक्चरच्या ट्रेलरमध्ये. २०१८ च्या नाताळच्या दिवशी तो आला. १९९५ चं एक रॅप गाणं, ऐकून कुणालाही पार्टी आठवावी असं. गाडीत आईवडील आणि मुलं ते ऐकत डोलतायत. नंतर तेच गाणं परत येतं, पण मंदावलेलं, तारा करकरून वाजवल्यासारखं, आणि आता ते पहिल्याच्या सावलीसारखं वाटतं. पिक्चर हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्या माणसांचा आहे हे कळलं की मनात म्हणते, अरे, गाण्याचाही जुळा काढलाय की यांनी! हे रूप लोकांना एवढं भिडलं की नंतर ते खुद्द चित्रपटाच्या शेवटाकडेही वापरलं गेलं. ट्रेलरने पिक्चरला शिकवल्याचं उदाहरण. त्यानंतर मात्र जो उठला तो जुनी गाणी संथ करत सुटला. आता तो कुजबुजत गाणारा बायकी आवाज आणि पियानोचा एकेक सूर कानावर आला की मला झोप येते.

म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये '२८ इयर्स लेटर'चा ट्रेलर आला तेव्हा मी खुर्चीत सावरून बसले. त्यात गाणं नाही, जवळपास संवादही नाहीत. एक माणूस कविता म्हणतोय. किपलिंगची 'बूट्स', १९०३ ची. बोअर युद्धात मैलोनमैल चालत राहणाऱ्या सैनिकांवरची. 'बूट, बूट, बूट, बूट' हा एकच शब्द परत परत, पावलांच्या ठेक्यात. आवाज टेलर होम्स या नटाचा, ध्वनिमुद्रण १९१५ चं, त्यामुळे त्याला ती जुनी खरखर आपसूकच आहे. सुरुवातीला तो शिस्तीत, कोरडेपणाने म्हणतो. मग ठेका तोच राहतो आणि आवाज चढत जातो. चढता चढता त्यात वेडाची झाक येते, शेवटी तो जवळजवळ किंचाळतोय, पण ठेका सोडत नाही. ठेका सोडत नाही हेच भयंकर आहे.

आमच्या धंद्यात 'रायझर' नावाचा एक आवाज असतो. खालच्या पट्टीतून वर वर चढत जाणारा, ऐकणाऱ्याला कळतं की हा कुठेतरी जाऊन फुटणार. तयार संचात असे शेकडो मिळतात, विमान उडताना येतो तसल्या आवाजाचे. इथे शंभर वर्षांपूर्वीच्या एका नटाचा घसा हाच रायझर झालाय. जे इतर ठिकाणी यंत्र करतं, ते इथे माणूस करतोय, आणि त्याला त्रास होतोय हे ऐकू येतंय. पडद्यावर काय चाललंय ते पहिल्या खेपेला मी नीट बघितलंच नाही. हे पठणही नंतर पिक्चरमध्ये गेलं.

माणसाच्या घशाचा विषय निघालाच आहे तर डॅनियल ब्लूमस्टाइन यांचं सांगते. हे मार्मोट नावाच्या, डोंगरात बिळं करून राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या प्राण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. पिल्लं जिवाच्या आकांताने ओरडतात तेव्हा आवाज स्वच्छ राहत नाही, फाटतो, त्यात खरखर येते. तसं काही चित्रपटांच्या ध्वनीत सापडतं का, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासलं. २०१० मध्ये निबंध आला. भयपटांत असे फाटलेले आवाज सरासरीपेक्षा जास्त निघाले. संगीतकार काही मार्मोटकडे शिकायला गेले नव्हते. कानाला काय टोचतं ते त्यांनी चाचपडत शोधून काढलं होतं.

वॉटरफोन हे वाद्य त्याच चाचपडण्यातलं. रिचर्ड वॉटर्स या अमेरिकन कलाकाराने बनवलेलं. स्टीलचं भांडं, त्याच्या कडेने लहानमोठ्या उंचीच्या काशाच्या सळया, आणि भांड्यात थोडं पाणी. सळईवर व्हायोलिनचा गज फिरवायचा आणि भांडं जरासं हलवायचं. पाणी हललं की सूर सरकतो. सरकतो म्हणजे कुठल्याच स्वरावर टिकत नाही, आणि कानाला धरायला काही मिळत नाही. तो आवाज तुम्ही नक्की ऐकलेला आहे. अंधाऱ्या तळघराकडे बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याला बहुतेक तोच लावलेला असतो.

आता कुणी म्हणेल, सगळं जर कानातच असेल तर चित्राचं काम काय? लपवायचं. १९७९ च्या 'एलियन'चा ट्रेलर बघा. एकही संवाद नाही. एक अंडं, त्याला गेलेला तडा, आतून येणारा उजेड, मग सायरनसारखा एक ओरखडणारा आवाज आणि त्याच्यावर पळणाऱ्या माणसांचे तुकडे. अंड्यातून काय निघालं हे नाही दाखवलं. अंतराळात तुमची किंकाळी कुणालाच ऐकू जात नाही, एवढं वाक्य पडद्यावर आणि खेळ खलास. पुढच्या वर्षी आलेल्या 'द शायनिंग'चा टीझर याहून उद्धट. एकच शॉट. कॅमेरा हलत नाही. लिफ्टची बंद दारं, वरून सरकणारी नावं, वेंडी कार्लोस आणि रेचल एलकाइंड यांचं किरकिरणारं संगीत. मग दाराच्या फटीतून रक्ताचा लोंढा येतो, खुर्च्या वाहून जातात, लाट कॅमेऱ्यावर आदळते. कथा काय, माणसं कोण, पत्ता नाही.

या लोंढ्याची एक कथा सांगतात. सगळ्या प्रेक्षकांपुढे दाखवायच्या ट्रेलरमध्ये रक्त चालणार नाही असा अमेरिकन परीक्षण मंडळाचा नियम होता, तेव्हा दिग्दर्शक कुब्रिकने ते गंजाचं पाणी आहे म्हणून पटवलं म्हणे. कथा खरी असो नसो, नियम खरा होता आणि भयपटाच्या ट्रेलरचा अर्धा स्वभाव त्यातून घडलाय. ज्या ट्रेलरवर मंडळाच्या मान्यतेची हिरवी पट्टी यायची तो तेव्हा कुठल्याही पिक्चरच्या आधी लागू शकायचा, म्हणून त्यात कापाकापी दाखवता यायची नाही. मग सुरी उगारलेली दिसते आणि पडदा काळा होतो. आपण त्याला कलात्मक संयम म्हणतो. कलात्मक आहेच, पण तो बऱ्याच अंशी सक्तीचा आहे.

लपवायचं म्हणजे त्या जागी काय दाखवायचं? बघणाऱ्याचा चेहरा. २००९ मध्ये 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' सगळीकडे लागला तेव्हा त्याच्या ट्रेलरने कमाल केली. थिएटरात बसलेल्या प्रेक्षकांवरच अंधारात बघणारा कॅमेरा लावला आणि तेच दाखवलं. हिरव्या-करड्या उजेडात माणसं खुर्चीत उडतायत, एकमेकांच्या खांद्यात तोंड लपवतायत. भुताच्या जागी गिऱ्हाईक! २०२४ मध्ये 'लाँगलेग्ज'वाल्यांनी आणखी एक पायरी गाठली. खलनायक झालेल्या निकोलस केजचा चेहरा प्रसिद्धीत दाखवायचाच नाही असं ठरवलं आणि एका टीझरमध्ये नायिकेच्या, म्हणजे माइका मन्रोच्या, हृदयाचे ठोके ऐकवले. एरवी मिनिटाला ७६. केजला त्या वेषात पहिल्यांदा बघितलं तेव्हा १७०. तो चेहरा कसा असेल याचा विचार करत मी दोन दिवस होते. पुढे चेहरा बघितला. विचारातला जास्त वाईट होता.

हे सगळं संकेतांच्या ओळखीवर चालतं असं मी म्हणतेय खरी, पण माझ्या या सिद्धांताला टाचणी लावणारी एक घटना आहे. एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या एका थिएटरात 'पीटर रॅबिट' हा मुलांचा पिक्चर लागायचा होता, आणि चुकून आधी 'हेरेडिटरी' या भयपटाचा ट्रेलर लागला. पोरं रडायला लागली, आईबाप त्यांना उचलून बाहेर धावले. त्या पोरांनी आयुष्यात भयपट बघितलेला नसणार. कुत्रा उंबऱ्याशी का अडतो हे त्यांना कोण सांगणार? तरी घाबरलीच. म्हणजे दोन थर आहेत. खालचा थर शरीराचा: फाटके आवाज, तुटलेली शांतता, जवळून दिसणारे भेदरलेले चेहरे. त्याला शिक्षण लागत नाही. वरचा थर आठवणींचा. मोठ्यांना दोन्ही लागतात. मुलांना खालचा एकटाच पुरेसा आहे, आणि खरं तर जास्तच आहे.

खालचा थर किती स्वस्तात उभा करता येतो हे मी स्वतः करून बघितलंय. तसे प्रयोग आधीही झालेत. २००५ मध्ये रॉबर्ट रायंग नावाच्या एका एडिटरने 'द शायनिंग'चंच फुटेज कापून, वर एक प्रसन्न गाणं टाकून, बापलेकाच्या मायेचा गोग्गोड ट्रेलर बनवला होता. पुढच्या वर्षी कुणीतरी 'मेरी पॉपिन्स'चं उलटं केलं आणि ती प्रेमळ दाई छत्री घेऊन घरावर उतरणारी हडळ झाली. माझ्याकडे होतं एका कारखान्याच्या अग्निसुरक्षा व्हिडिओचं उरलेलं फुटेज. रिकामा कॉरिडॉर. आपोआप मिटणारं जाड दार. आणि तोंडावर मास्क चढवलेला एक कामगार, जो शॉट संपल्यावर "झालं का?" विचारायला कॅमेऱ्याकडे वळतो.

रंग उतरवून हिरवट केले. कॉरिडॉरचा वेग निम्मा. मग खोलीचा आवाज काढून टाकला. कुठल्याही जागेला स्वतःचा एक आवाज असतो, पंख्याचा, दिव्यांचा, लांबच्या रहदारीचा. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण नसला की कान टवकारतात. त्या पोकळीत खाली जेमतेम जाणवेल अशी घरघर भरली. दाराच्या बिजागरीचा आवाज चौपट संथ केला, तर एखादं मोठं जनावर कण्हतंय असं निघालं. मला स्वतःला ते अपेक्षित नव्हतं. दार मिटताना दाखवलं नाही. मिटायच्या चार फ्रेम आधी पडदा काळा केला आणि दार काळ्यात मिटू दिलं. मास्कवाला वळायला लागतो, खांदा फिरतो, मास्कची कड दिसते, तिथेच कट. शब्द तर मूळ व्हिडिओतच तयार होते. निवेदक समजावतो: गोंधळून जाऊ नका, सामान घ्यायला मागे वळू नका, जवळच्या दाराने बाहेर पडा. मी त्यातलं 'मागे वळू नका' एवढंच ठेवलं. सुरक्षा अधिकारी साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, हाच दाखवू या नवीन पोरांना. निदान झोपणार तरी नाहीत."

माझी एक तक्रार मात्र नोंदवते. हल्ली नेटवर ट्रेलर सुरू व्हायच्या आधी त्याच ट्रेलरचे पाच सेकंद दाखवतात. धाड, धाड, किंकाळी, धाड, आणि मग 'ट्रेलर आता सुरू'. लोक स्क्रोल करून पुढे जातील ही भीती मी समजू शकते. पण भयपटाच्या बाबतीत याने मुळावरच घाव बसतो. ज्या भिंतीपर्यंत हळूहळू न्यायचं, ती आधीच डोक्यात आपटली, तर पुढच्या बारीक दोऱ्याला काय किंमत राहिली? आणि तो शेवटचा खांब, नावानंतरचा. 'बटन' म्हणतात त्याला. कधीकाळी नाव आलं की माणूस सैल व्हायचा आणि तेवढ्यात फटका बसायचा. आता नाव आलं की माणूस घट्ट होतो. भाचा तर नावानंतर फोन लांब धरतो. एखाद्याने तिथे काहीच ठेवू नये, नुसती शांतता संपू द्यावी, तर मी त्याला साष्टांग नमस्कार घालीन.

दादाचं आणि माझं खरं भांडण 'हेरेडिटरी'वरून झालं. (पिक्चर बघायचा असेल तर पुढचं नंतर वाचा.) त्या ट्रेलरमध्ये सगळ्यात जास्त लक्षात राहते ती तेरा वर्षांची मुलगी. टाळ्याला जीभ लावून टॉक असा आवाज करणारी, मेलेल्या पाखराजवळ कात्री नेणारी. ट्रेलर बघून कुणीही म्हणेल, हीच ती, हिच्यात काहीतरी शिरलंय, हिच्यामुळे घर बुडणार. विचित्र मूल म्हणजे भयपटाचं किती जुनं नाणं! आणि पिक्चर सुरू होऊन फार वेळ होत नाही तोच ती मरते. पुढचं सगळं तिच्याविना. दादा ट्रेलर न बघता गेला होता, त्यामुळे त्याला ते नुसतं दुःखद वाटलं. मी ट्रेलर पाठ करून गेले होते. माझ्या पायाखालची जमीनच गेली, कारण पुढच्या दीड तासाचा माझ्याकडे असलेला नकाशा तिथेच फाटला.

"म्हणजे फसवलंच की तुला," दादा म्हणाला.

फसवलंच. पण एकही खोटा शॉट न दाखवता. ती मुलगी आहे, कात्री आहे, तो आवाज आहे. हिशेब आम्ही केला, आमच्या सवयीने. १९९६ मध्ये 'स्क्रीम'ने ड्रू बॅरीमोरला जाहिरातीत मिरवलं आणि पहिल्याच प्रसंगात मारलं, तेही असंच. त्याच्या कितीतरी आधी हिचकॉकने 'सायको'चा सहा मिनिटांहून लांब ट्रेलर केला, ज्यात तो स्वतः त्या मोटेलात आणि मागच्या घरात आपल्याला एखाद्या घरदलालासारखा फिरवतो. शेवटी न्हाणीघरात येतो, पडदा सर्रकन बाजूला करतो आणि एक बाई किंचाळते. ती बाई पिक्चरची नायिका जॅनेट ली नाहीच. विग घातलेली व्हेरा माइल्स आहे, पिक्चरमधली बहीण. लोकांनी तो ट्रेलर बघून ठरवलेलं सगळं त्या एका विगखाली झाकलेलं होतं.

दादाला हे काही पटलं नाही. तो अजूनही ट्रेलर बघत नाही. पण नवीन काही लागणार असलं की त्याचा फोन येतो, "काही सांगू नकोस, फक्त जाऊ की नको एवढं सांग." परवाही आला होता. मी म्हटलं, जा, आणि घरातल्या कुत्र्यावर लक्ष ठेव. त्या ट्रेलरमध्ये कुत्राच नव्हता.